अनुभव धागा: वेष चढवून कॉनला गेलेले कोल्हापूरकर

मुंबईच्या कॉमिक कॉनला (कॉमिक्स, सिनेमा, गेम यांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला) आवडत्या पात्राचा वेष करून जाणारी आपल्या गावची मंडळी आता बरीच झालीत, म्हणून हा धागा.

जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. विज्ञानकथांच्या चाहत्या मर्टल डग्लस यांनी भविष्यकाळातले पोशाख स्वतः शिवले होते. तेच घालून त्या आणि दुसरे चाहते फॉरेस्ट अ‍ॅकरमन तिथं हिंडले. म्हणजे वेष करून जाण्याची सुरुवातच हाताने केलेल्या कपड्यांची आहे. हाताने घडवणं कोल्हापूरला शिकवावं लागत नाही. बाबूराव पेंटरांनी १९१७ मध्ये इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरासुद्धा स्वतः तयार केला. विज्ञानकथेचं म्हणाल तर जयंत नारळीकरांचा जन्म याच गावचा, १९३८ सालचा.

नुसते फोटो नकोत. दिवस कसा गेला आणि कुणाचे हात लागले, ते लिहा.

मंगळवार पेठेतून

माझा वेष चिलखताचा. छातीला दहा मिलिमीटरचा ईव्हीए फोम (रबरासारखा हलका, लवचीक फोम), हाताला पाचचा. आधी अंगाला क्लिंग फिल्म, म्हणजे पातळ प्लॅस्टिक, गुंडाळून वर मास्किंग टेप लावायची, त्यावर मार्करने रेघा मारायच्या आणि कापून सपाट केलं की कागदावर नमुना मिळतो. इथवर व्हिडिओ बघून जमतं. पुढचं मला चप्पल गल्लीतल्या काकांनी शिकवलं.

मी पट्ट्यांसाठी चामडं मागायला गेलो होतो. पिशवीतला फोम बघून म्हणाले, "हे कशाचं रे?"

"चिलखत करालोय काका."

"लढाई हाय काय कुठं?" असं म्हणत त्यांनी एक तुकडा हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं आणि माझा कटर बाजूला ठेवला. "ब्लेड ओढतंय बघ. कड फाटाल्या." मग त्यांची रापी, म्हणजे चामडं कापायचं हत्यार, दिली. एका दमात, हात न उचलता कापायचं. कड काचेसारखी आली.

चिकटवायचं तंत्रही त्यांचंच. सोल्युशन (चपलेचा गोंद) दोन्ही बाजूंना लावायचं आणि थांबायचं. बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं, कारण आतला द्रव उडून गेल्याशिवाय पकड येत नाही. सोलचं काम आयुष्यभर केलेल्या माणसाला हे सांगायला यूट्यूब लागत नाही. हीट गन मात्र त्यांनी पहिल्यांदा पाहिली. गरम हवेने फोमची छिद्रं मिटतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि गार होईस्तोवर जो बाक धरून ठेवाल तो तसाच राहतो. त्यांनी खांद्याचा तुकडा स्वतःच्या गुडघ्यावर धरून असा काही वळवला की मला नंतर हात लावावा लागला नाही.

पट्टे बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचे, आरीने शिवलेले, वर चपलेला घालतात तशी वेणी.

महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालो, चिलखत चादरीत बांधून. हॉलमध्ये चढवायलाच अर्धा तास गेला. एकदा चढवलं की बसता येत नाही, वाकता येत नाही आणि फोम हवा आत येऊ देत नसल्यामुळे अंगातली उष्णता बाहेर जात नाही. धाकटी बहीण दिवसभर स्ट्रॉने पाणी पाजत, गर्दीतून वाट काढत पुढे चालली होती. आधी ती येणारच नव्हती. निघायच्या दिवशी म्हणाली, "मी येतो की तुझ्याबरोबर, तुला कोण सांभाळणार?" ती नसती तर मी दुपारपर्यंत टिकलो नसतो. असं कुणीतरी बरोबर न्याच.

तिथं वेषांची स्पर्धा असते. परीक्षकांनी रंग बघितला, जोड बघितले आणि मग खांद्याचा पट्टा उलटा करून विचारलं, "हे शिवलंय कुणी?" मी काकांचं नाव, दुकान, सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. बक्षीस दुसऱ्याला मिळालं, त्याचं काम खरोखर सरस होतं. पण काकांचं नाव त्या कागदावर आहे याचा मला फार आनंद आहे.

राजारामपुरीतून, एक आई

मुलगी सतरा वर्षांची. तिच्याबरोबर मी गेले ती काळजीपोटी. पोशाख अंगाला घट्ट, केसांना निळा विग, आणि अनोळखी गर्दी. बहुतेक जण आधी विचारत होते, "फोटो काढू का?" ही हो म्हणाली की दोन पावलं मागे सरून काढत होते. एकाने मात्र न विचारता खालून मोबाइल धरला. मी बोलायच्या आत शेजारचा पूर्ण रोबोटच्या वेषातला मुलगा मध्ये उभा राहिला, "आधी विचारायचं असतं," म्हणाला आणि फोटो पुसायला लावला. नंतर आयोजकांच्या माणसाला त्यानेच बोलावलं. त्याचा चेहरा मला दिसला नाही. तो हे वाचत असेल तर त्याला सांगते, घरी आल्यावर तिच्या बाबांना पहिली गोष्ट तुझीच सांगितली.

रंगभूषावाले आजोबा (नात टाइप करते आहे)

माझी हयात विंगेत गेली. केशवराव भोसले नाट्यगृहात किती जणांना दाढ्या लावल्या असतील. क्रेपचे खोटे केस आणि ते कातडीला चिकटवायचा स्पिरिट गम, दुसरं काय. नातीला टोकदार कान हवे होते, वनदेवतेचे. लॅटेक्सचे कान विकत मिळतात, पण त्यांची कड जाड असेल तर लांबूनही जोड दिसतो. कड पातळ करत नेली, गम लावून सुकू दिला, मग कातडीच्या रंगाचा हात कानावरून गालावर उतरवला. रंग कानापुरता थांबवायचा नसतो. वरून पावडर.

मीही मुंबईला गेलो. एक पोरगा आख्खा हिरवा होता आणि ज्याला भेटेल त्याच्या शर्टाला हिरवं लागत होतं. त्याला बाजूला घेऊन रंग पावडरीने बसवून दिला. मग आणखी दोघं आली. संध्याकाळपर्यंत मी भिंतीशी खुर्ची टाकून तेच काम करत होतो. फार बरं वाटलं. नाटकाचे प्रयोग आता कमी, हात मोकळेच असतात.

मर्दानी खेळ शिकणारी

मी दांडपट्टा घेऊनच गेले, पण फोमचा. खरं पातं आत चालत नाही आणि चालूही नये. दारावर प्रॉप, म्हणजे हातातली खोटी शस्त्रं, तपासतात, वाकवून बघतात. माझी योद्धी परग्रहावरची, पण पट्ट्याची फिरत कोल्हापूरची. स्टेजवर थोडाच वेळ मिळतो. बहुतेक जण चालत येतात, पोझ घेतात. मी पवित्रा घेतला आणि गिरकी घेत पुढे गेले. फोम हलका असल्यामुळे मनगटाला वजन लागत नाही आणि ताल चुकतो, म्हणून मुठीत लोखंडी वॉशर भरले होते. वस्तादांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला. "डावा पाय उशिरा पडतोय," म्हणाले. वेषाबद्दल अवाक्षर नाही! मग थांबून म्हणाले, "पुढच्या वर्षी सरावाला लवकर ये."

उद्यमनगरचा पॅटर्नमेकर

वरचे बरेच जण शिरस्त्राण फोमचं करतात. माझं फायबरग्लासचं आहे. फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी पॅटर्न (नमुना) करतो तसाच केला, दोन भागांत, प्रत्येक बाजूला थोडा निमुळता उतार देऊन, नाहीतर साच्यातून निघत नाही. त्यावरून प्लॅस्टरचा साचा घेतला आणि आत काचतंतूंची मॅट आणि रेझिन यांचे थर दिले. घासताना मास्क लावाच, ती धूळ छातीत जाते. मालकांनी सुट्टीच्या दिवशी शेड वापरू दिली.

साचा अजून ठेवलाय. मध्यम डोक्याच्या कुणालाही चालेल. रेझिन आणि मॅट आपलं आपण आणा, रविवारी दुपारनंतर मी शेडमध्येच असतो.