क्लेरिकसाठी नवसाचा नियम, ९ चा कौल बरोबर आहे का?

विश्रामबागचा डीएम: सांगलीत रविवारी आम्ही १९८१चं बेसिक डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतो, डीएम म्हणजे खेळ चालवणारा मी. त्यात क्लेरिकला, म्हणजे देवाच्या पुजाऱ्याला, पहिल्या लेव्हलला एकही मंत्र नाही, नुसती चालते मुडदे पळवून लावायची ताकद. म्हणून नवस आणलाय. अडचणीत खेळाडूनं देवाला बोलायचं, मग कौल: दोन फासे, ९ किंवा वर आलं तर देव पावला. नवस वहीत लिहायचा, फिटेपर्यंत दुसरा नाही. परवा सांगाड्यांनी घेरल्यावर एकानं थेट बोकड बोलला. देव पावला, पण गाव तीन दिवस लांब. बोकड आणायचा कुठनं, यावरच सगळं सेशन गेलं! ९ जड होतंय का?

कराडकर: ३६ पैकी १० वेळा लागेल. ठीक आहे भावा. मोठ्या नवसाला +१ दे, म्हणजे १५ वेळा. नाहीतर सगळे नारळावरच भागवतील.

जुना फासा: मला नाही पटत. मॅजिक-यूजर (जादूगार) १ ते ४ हिट पॉइंट, म्हणजे एवढासा जीव घेऊन दिवसाला एकच मंत्र टाकतोय. क्लेरिकला चिलखतही आणि वर देव फुकट?

विश्रामबागचा डीएम: फुकट कुठं दादा, फेडायचाय की! थकवला तर मुडदेही पळणार नाहीत. +१ घेतो, पण नवस सोन्यात नाही. खजिना बाहेर आणला की एक्सपी (लेव्हल वाढवणारे गुण) मिळालेच, मग सोनं वाहायला त्यांचं काय जातंय? बोकड, पायी वारी नाहीतर पोतंभर भंडारा. हळदीला आपल्याकडं काय तोटा!