पंचगंगेतील केंदाळ दरवर्षी काढूनही परत का येते?

काठावरचा (प्रश्न)

नमस्कार. आमचे गाव शिरोळ तालुक्यात, तेरवाड बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पंचगंगेच्या काठावर आहे. पावसाळा सरला की नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात, पाणी तुंबते आणि संक्रांतीच्या सुमारास वरून वाहत आलेले केंदाळ, म्हणजेच जलपर्णी, बंधाऱ्याला अडून साचू लागते. शिमग्यापर्यंत पात्र या काठापासून त्या काठापर्यंत हिरवेगार होऊन जाते. ग्रामपंचायत, तरुण मंडळे आणि शेतकरी मिळून दोर टाकून, पोकलेन लावून ते काढतात, काठावर ढीग घालतात. पण काही आठवड्यांत स्थिती पुन्हा पहिल्यासारखीच होते. उन्हाळ्यात पाणी काळपट पडते, त्याला उग्र वास सुटतो आणि एखाद्या सकाळी मेलेल्या माशांचा खच काठाला लागलेला दिसतो.

गावात आता तणनाशक फवारण्याचा विचार चालू आहे. तो योग्य आहे का, केंदाळ मुळात इतके का वाढते, आणि गावपातळीवर आम्ही नेमके काय करावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती. आमची नळपाणी योजना याच नदीवर आहे, म्हणून काळजी अधिक वाटते.

हरितद्रव्य

फवारणी करू नये, हे सर्वांत आधी सांगतो. तणनाशकाने केंदाळ मरते, पण नाहीसे होत नाही. मेलेली वनस्पती तिथेच बुडून तळाशी कुजते, कुजताना पाण्यातील विरघळलेला प्राणवायू संपवते, आणि तिने शोषून घेतलेले नत्र व स्फुरद पुन्हा पाण्यात सुटते. त्यावर पुढची पिढी पोसली जाते. शिवाय ज्या पाण्यावर तुमची नळयोजना आणि जनावरे अवलंबून आहेत, त्यात तणनाशक मिसळणे हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातील. तिच्या जांभळ्या फुलांच्या देखणेपणामुळे ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणली गेली आणि तेथून देशभर पसरली. एखादे रोप उचलून उलटे धरून पाहा: देठांच्या फुगीर भागात स्पंजासारखी हवा भरलेली असते, म्हणून ते तरंगते, खाली काळसर, पिसांसारखी दाट मुळे लोंबत असतात, आणि बाजूने निघालेल्या आडव्या धुमाऱ्याच्या टोकाला नवे रोप तयार झालेले असते. या धुमाऱ्यांमुळेच, ऊब आणि पोषणद्रव्ये मिळाली की, दोन आठवड्यांच्या आत तिचे क्षेत्र दुप्पट होऊ शकते. तिचे बी गाळात पडून पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. त्यामुळे पोकलेनने नव्वद टक्के केंदाळ काढले तरी उरलेल्या दहा टक्क्यांचे वीस, चाळीस, ऐंशी होण्यास सहा आठवडे पुरतात. तुमचा अनुभव या हिशेबाशी तंतोतंत जुळतो.

मात्र ही वाढ फुकट होत नाही, तिला खाद्य लागते. स्वच्छ, वाहत्या पाण्यात नत्र आणि स्फुरद इतके कमी असते की केंदाळ तेथे खुरटते. जिथे ते कमरेइतके उंच, गर्द हिरवे वाढते, तिथे नदीला वरून सतत खत मिळत आहे असे खुशाल समजावे. हे खत कोण घालते, हा खरा प्रश्न आहे.

माशांविषयीही सांगतो. पाण्यावर केंदाळाचा जाड थर असला की हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळत नाही आणि खाली उजेड पोहोचत नाही. पाण्यातील वनस्पती व सूक्ष्मजीव रात्रभर श्वसन करून उरलेला प्राणवायूही वापरतात, म्हणून त्याचे प्रमाण पहाटे सर्वांत कमी असते. बहुतेक माशांना लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. तो दोनच्या खाली गेला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडी टाकतात आणि नंतर मरतात. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून ती पुष्कळदा वाचते. मेलेल्यांत कटला, रोहू, तिलापिया असे मासे असून मरळ जिवंत असेल, तर प्राणवायू संपल्याचा संशय बळावतो. मरळही मेली असेल, तर पाण्यात एखादे विषारी द्रव्य आले असण्याची शक्यता अधिक. ही नोंद मेलेले मासे वाहून जाण्यापूर्वी, छायाचित्रांसह करून ठेवावी.

गाळसाळ

मी सांडपाणी प्रक्रियेच्या कामात आहे, म्हणून वरच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मांडण्याचा प्रयत्न करतो.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या, आणि श्रद्धेनुसार गुप्त सरस्वती, प्रयाग चिखली येथे एकत्र येऊन पंचगंगा होते, आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. या टापूत कोल्हापूर आणि इचलकरंजी ही दोन मोठी शहरे आहेत. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूरची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख आणि इचलकरंजीची सुमारे पावणेतीन लाखांहून थोडी अधिक होती. नगररचनेत माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी होते असे मानतात. त्या हिशेबाने एकट्या कोल्हापुरात रोज सुमारे सहा कोटी आणि इचलकरंजीत तीन कोटी लिटर सांडपाणी तयार होते, आणि हा हिशेब जुन्या लोकसंख्येचा आहे. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात रोज ७६ दशलक्ष लिटर, म्हणजे सात कोटी साठ लाख लिटर क्षमतेचे प्रक्रिया केंद्र उभे राहिले आहे. पण केंद्राची क्षमता आणि केंद्रापर्यंत प्रत्यक्ष पोहोचणारे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जयंती नाल्यासारख्या नाल्यांतील पाणी अडवून, पंपाने उपसून केंद्राकडे न्यावे लागते. वीज गेली, पंप बंद पडले किंवा मोठा पाऊस झाला की ते बांधावरून थेट नदीत जाते. काठावरच्या अनेक गावांना तर भुयारी गटारेच नाहीत.

सांडपाण्याची ताकद जैविक प्राणवायू मागणीने, म्हणजे बीओडीने मोजतात: घाण कुजवताना जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, ते ती सांगते. घरगुती सांडपाण्याची बीओडी लिटरला साधारण २०० मिलिग्रॅम धरू. स्वच्छ नदीच्या एक लिटर पाण्यात उन्हाळ्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे एक लिटर सांडपाणी पचवण्यासाठी नदीच्या पंचवीस लिटर पाण्यातील सगळा प्राणवायू खर्ची पडतो. आसवनीतून, म्हणजे मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यातून, निघणाऱ्या सांडपाण्याची (स्पेंट वॉशची) बीओडी ४०,००० मिलिग्रॅमच्या वर असू शकते. त्याचे एक लिटर पाच हजार लिटर नदीजल निर्जीव करू शकते. यामुळेच आसवन्यांना ते नदीत सोडण्याची परवानगी नसते, आणि यामुळेच गळीत हंगामात मळीमिश्रित पाणी एका रात्रीत जरी सुटले तरी पुढच्या कित्येक मैलांत मासे मरतात. कापड प्रक्रिया उद्योगांच्या पाण्यात रंगांबरोबर क्षारही असतात, आणि साध्या जैविक प्रक्रियेने ते निघत नाहीत.

आता केंदाळाशी याचा संबंध पाहू. अनेक प्रक्रिया केंद्रे बीओडी उतरवण्यासाठी आखलेली असतात. नत्र आणि स्फुरद काढण्यासाठी वेगळी रचना लागते. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले, वास गेला, तरी केंदाळाचे खाद्य त्यात शिल्लक असू शकते. म्हणून प्रक्रिया केंद्राचा अहवाल मागवताना बीओडीबरोबर एकूण नत्र आणि फॉस्फेटचे आकडेही मागावेत. गणेशमूर्ती आणि निर्माल्य यांचीच चर्चा दरवर्षी अधिक होते. मूर्तिदानाची चळवळ कोल्हापूरने मनापासून स्वीकारली आणि ती चांगलीच आहे, परंतु वर्षभर, दिवसरात्र वाहणाऱ्या कोट्यवधी लिटर सांडपाण्यापुढे तिचा वाटा फार लहान आहे, हे लक्षात ठेवावे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले आहेत. त्यांतील ५५, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रात होते. तेव्हा हे दुखणे एकट्या पंचगंगेचे नाही.

पाटपाणी

वरील दोन्ही प्रतिसाद पटले, पण आम्हा ऊस उत्पादकांचा वाटाही मोकळेपणाने मांडला पाहिजे. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी शिफारस आहे, आणि नत्र लागणीच्या वेळी, सहा ते आठ आठवड्यांनी, बारा ते सोळा आठवड्यांनी आणि मोठ्या बांधणीला असे चार हप्त्यांत विभागून द्यायचे असते. प्रत्यक्षात बरेच जण शिफारशीपेक्षा जास्त युरिया दोनच वेळी फेकतात आणि लगेच पाटाने भरपूर पाणी सोडतात. युरिया पाण्यात सहज विरघळतो. पिकाने उचलण्याआधीच त्याचा काही भाग खाली झिरपतो, ओढ्याला लागतो आणि नदीत जातो. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनी हा याच अतिपाण्याचा दुसरा परिणाम आहे. ठिबकमधून थोडे थोडे खत दिले तर खर्च वाचतो, जमीन वाचते आणि नदीकडे जाणारे नत्रही कमी होते.

बर्ग्यांचाही मुद्दा आहे. बंधाऱ्यामागे महिनोन्महिने साचलेले तळाचे पाणी जवळजवळ निष्प्राण झालेले असते. उन्हाळ्याच्या शेवटी, किंवा वळवाचा पाऊस झाल्यावर, सगळे बर्गे एकदम काढले तर तो काळा लोंढा खालच्या गावांत जातो आणि तेथील मासे मरतात. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी बंधाऱ्यांची ओळच आहे. त्यांचे बर्गे टप्प्याटप्प्याने, वर धरणातून पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाशी जुळवून काढावेत, यासाठी काठावरच्या गावांनी एकत्रितपणे पाटबंधारे विभागाकडे आग्रह धरला पाहिजे.

काठावरचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन गोष्टी अजून विचारतो. केंदाळ खाणारे भुंगेरे सोडता येतात असे कोणी सांगितले, त्यात तथ्य आहे का? आणि दूषित पाणी आले की आम्ही बाटलीत भरून ठेवतो, पण तक्रार केल्यावर तो पुरावा ग्राह्य धरला जात नाही. असे का?

हरितद्रव्य

भुंगेऱ्यांत तथ्य आहे. निओकेटिना वंशाच्या दोन जाती १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतात आणल्या गेल्या आणि बंगळूरच्या तलावांत त्यांनी तीन-चार वर्षांत केंदाळ चांगलेच आटोक्यात आणले. परंतु ते साचलेल्या पाण्यात रमतात. पंचगंगेला दर पावसाळ्यात पूर येतो आणि केंदाळाबरोबर भुंगेरेही वाहून जातात, त्यामुळे नदीपेक्षा गावतळ्यासाठी हा उपाय अधिक उपयोगी आहे. तुमच्यासाठी सध्या हाताने किंवा यंत्राने काढणेच बरे, पण दोन पथ्ये पाळावीत. जानेवारीत, पट्टे लहान असतानाच काढावे; आणि ढीग काठावर ठेवू नये. ओल्या केंदाळात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. पूररेषेच्या वर नेऊन वाळवले की त्याचे वजन झपाट्याने उतरते. काठावर कुजलेल्या ढिगाचा रस पहिल्या पावसात पुन्हा नदीतच येतो. कंपोस्ट करायचे असेल तर आधी जड धातूंची तपासणी करून घ्यावी, कारण ही वनस्पती पाण्यातील धातू मुळांत साठवते.

गाळसाळ

बाटलीविषयी. विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजावा लागतो, किंवा मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून जागेवरच स्थिर करावा लागतो. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत न्यावा लागतो. घरात ठेवलेल्या बाटलीतील पाणी दुसऱ्या दिवशी वेगळेच झालेले असते. कायद्याचेही कारण आहे: १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ नुसार, न्यायालयात टिकणारा नमुना अधिकाऱ्याने संबंधिताला सूचना देऊन घ्यायचा असतो, आणि संबंधिताने मागणी केल्यास त्याचे दोन भाग करून सीलबंद करायचे असतात. म्हणून दूषित पाणी दिसताच तत्काळ लेखी तक्रार व ई-मेल करून नमुना व संयुक्त पंचनामा मागावा, आणि वेळ, जागा, पाण्याचा रंग, वास, बंधाऱ्याची स्थिती यांची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत सह्यांनिशी करावी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे कलम १४ खाली जायचे असेल तर कारण उद्भवल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. नुकसानभरपाईसाठी कलम १५ खाली पाच वर्षांची. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे.

नळयोजनेकडे मात्र आजच लक्ष द्यावे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, आणि ती पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई विषाणूची होती. पाण्यात सेंद्रिय घाण आणि अमोनिया जास्त असेल तर टाकलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर त्यातच खर्ची पडते आणि नळाला क्लोरीन उरत नाही. तेव्हा पावडर किती टाकली याच्या नोंदीवर विसंबू नये. टाकीपासून सर्वांत दूरच्या नळावर रोज ओटी टेस्ट, म्हणजे शिल्लक क्लोरीनची तपासणी, करावी, तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन मिळाले पाहिजे. ते मिळत नाही त्या दिवशी पाणी उकळून पिण्याची दवंडी द्यावी. गर्भवतींना हिपॅटायटिस ई विशेष धोकादायक ठरतो. त्यांच्या घरी आशा सेविकेने निरोप स्वतः जाऊन द्यावा.