जामीनदार राहण्याआधी एवढं बघाच

एकांनी विचारलंय, की आतेभावासाठी कोर्टात सातबारा लावून जामीन राहायचंय, 'फक्त सही तर आहे', काळजीचं कारण आहे का? आहे. माझे काका असेच २५,००० रुपयांसाठी गावातल्या एका मुलाला जामीन राहिले होते. मुलगा तारखेला जाईना. एक दिवस काकांच्या नावाने नोटीस आली.

सही करताना पैसे भरावे लागत नाहीत, म्हणून हे हलकं वाटतं. पण आरोपी हजर राहिला नाही तर बंधपत्र (तुम्ही सही केलेला हमीचा कागद) जप्त होतं, आणि रक्कम का वसूल करू नये याचं कारण तुम्हाला द्यावं लागतं. ते पटलं नाही तर दंड वसूल करतात तशी वसुली. तीही झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४४६ होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४९१ आहे. रक्कम काही अंशी माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, तेव्हा नोटीस आली की घाबरून घरी बसू नका, वकील घेऊन हजर व्हा. काकांनी तेच केलं, निम्म्यावर सुटले.

आणखी किती जणांना जामीन आहात, हेही खरं सांगावं लागतं. भाऊ टाळाटाळ करतोय असं दिसलं, तर कलम ४८९ खाली स्वतःला मोकळं करण्याचा अर्ज करता येतो. मग कोर्ट त्याला वॉरंट काढून बोलावतं आणि दुसरा जामीनदार आणायला सांगतं. हा अर्ज तो पळून जायच्या आधी करा.