खाकी कव्हर पाठीवर का फाटतं?

एकाने विचारलंय की वह्यांचं खाकी कव्हर महिन्याभरात पाठीवर फाटतं. कारण बहुतेक वेळा धाग्याची दिशा, म्हणजे कागदातले तंतू ज्या दिशेने असतात ती. कागदाचा तुकडा उभा-आडवा फाडून बघा; ज्या बाजूने सरळ फाटतो ती धाग्याची दिशा. ती वहीच्या पाठीला समांतर ठेवा, घडी स्वच्छ बसते. आडवी ठेवलीत तर घडीवर तंतू मोडतात. कागद ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) पुरे, चकचकीत बाजू बाहेर, आत दुमडायला ५ सेंमी सोडा.

खळ पुठ्ठ्याला अजिबात लावू नका! बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळी दमटपणात कागद फुगतो, चिकटवलेला असला की सुरकुततो.