इराणच्या शहाने जमिनी वाटल्या, तरी लोक त्याच्या विरोधात का गेले?

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी, एमएच्या पेपरसाठी इराणची 1963 ची श्वेत क्रांती, म्हणजे तिथल्या राजाने, शहाने, वरून आणलेल्या सुधारणा वाचतेय आणि एका ठिकाणी अडकलेय. शहाने जमीनदारांच्या जमिनी कुळांना दिल्या, बायकांना मतदानाचा हक्क दिला, कामगारांना कारखान्याच्या नफ्यात वाटा दिला. आपल्या गोव्यात पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगावी मराठी शाळा काढल्या, कूळ कायदा आणला, तर जुन्या घरांत अजून त्यांचा फोटो दिसतो. मग इराणात 16 वर्षांत राजाला देश का सोडावा लागला? सगळं मुल्लांवर ढकलून मोकळं नाही व्हायचंय, नीट समजून घ्यायचंय.

सत्तरीचा शेतकरी:
आधी जमीन कोणाला मिळाली ते बघ बाय. तिथे पिकाची वाटणी जुन्या रीतीने व्हायची, जमीन, पाणी, बियाणं, बैल आणि मेहनत असे पाच भाग धरायचे, ज्याच्याकडे नुसते हात त्याच्या वाट्याला एक भाग. 1962 च्या जमीन कायद्यात, जो पुढे श्वेत क्रांतीतच धरला गेला, जमीनदाराने एक गाव ठेवायचं, बाकीचं सरकारला विकायचं आणि कुळाने हप्त्याहप्त्याने 15 वर्षांत फेडायचं असं ठरलं. पण जमीन मिळाली ती ज्याच्याकडे कसायचा हक्क होता त्यालाच, मजुरी करणारे खोशनशीन म्हणून जे होते ते तसेच हात हलवत राहिले. फळबागा, चहाचे मळे, यंत्राने कसलेली शेतं तर कायद्यातून वगळलेलीच.

आणि पाणी! तिथली शेती कनातीवर, म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून बोगदा खणत आणायचा, वर ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी, त्यातून माणूस उतरून गाळ काढतो. हा खर्च बहुतेक मालक करायचा. मालक गेल्यावर कोण करणार? ज्याच्याकडे पैसा त्याने पंप लावून खोल विहिरी मारल्या आणि कित्येक कनाती आटल्या. आपल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत, मानस म्हणजे पाण्याची झडप सांभाळणारा कोण नसला की खारं पाणी शेतात शिरतं ना, तसंच. कागदावर मालक झालेला माणूस पाण्यावाचून तेहरानच्या दक्षिणेकडच्या वस्तीत जाऊन मजूर झाला, आणि त्याच वस्त्यांतली पोरं पुढे मोर्च्यांत उतरली.

म्हापशाची मास्तरीण:
शेतकरीदादा, तुमचं पटतं पण सगळंच फसलं असं नका हो म्हणू. साक्षरता दलात बारावी झालेली मुलं लष्करी सेवेच्या बदल्यात खेड्यात जाऊन शिकवायची, जिथे आधी शाळाच नव्हती अशी गावं त्यात होती. 1963 च्याच निवडणुकीत बायका पहिल्यांदा मजलिसमध्ये, म्हणजे संसदेत, निवडून गेल्या, 1967 च्या कुटुंब कायद्याने नवऱ्याला तोंडी तलाक देणं बंद झालं, कोर्टात जावं लागायचं. 1968 मध्ये फर्रुखरू पारसा शिक्षणमंत्री झाल्या, देशाच्या पहिल्या महिला मंत्री, आणि शहाला घालवणाऱ्या 1979 च्या क्रांतीनंतर 1980 मध्ये नव्या राजवटीने त्यांना गोळ्या घातल्या. मी स्वतः शिकवते, त्यामुळे त्या बाईंचं मला फार लागतं. या सुधारणांची किंमत कोणी मोजली ते पेपरात आलंच पाहिजे.

पेडण्याचा वाचक:
दोघांचंही बरोबर, पण गोव्याशी तुलना केलीस म्हणून सांगतो. जानेवारी 1967 च्या जनमत कौलात बांदोडकरांना महाराष्ट्रात विलीनीकरण हवं होतं, लोकांनी नाही म्हटलं. आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्याच लोकांनी त्यांनाच परत निवडून दिलं. एका गोष्टीला नाही म्हणता येत होतं, म्हणून माणसावर राग राहिला नाही. शहाने जानेवारी 1963 मध्ये सार्वमत घेतलं त्यात 99 टक्क्यांच्या वर हो आले, विरोधकांनी बहिष्कार टाकलेला. जूनमध्ये शहाला विरोध करणारे धर्मगुरू खोमेनी यांना पकडल्यावर लोक रस्त्यावर आले तेव्हा सैन्याने गोळीबार केला. 1975 मध्ये तर सगळे पक्ष बंद करून रस्ताखीझ हा एकच पक्ष ठेवला, ज्याला मान्य नसेल त्याने देश सोडावा म्हणून. शाळा काढल्या, पोरं शिकली, युनिव्हर्सिटीत गेली आणि बोलायचं कुठे, तर मशिदीत, कारण बाकी सगळीकडे सावाक ही गुप्त पोलीस.

डिचोलीकर:
खूप खूप आभार सगळ्यांचे, पाण्याचं तर माझ्या पुस्तकात एक ओळपण नव्हती. आता सार्वमत आणि कनात दोन्ही घेऊन लिहिते. पण जमिनीचा कायदा खरा राबवला कोणी, शहाने स्वतः?

पेडण्याचा वाचक:
नाही, अली अमिनी पंतप्रधान असताना त्यांचे शेतीमंत्री हसन अर्सनजानी यांनी. खेड्यांत ते फार लोकप्रिय झाले, ते शहाला रुचलं नाही, मार्च 1963 मध्ये मंत्रिपद गेलं आणि पुढे राजदूत म्हणून इटलीला रवानगी झाली. त्यांच्यावर वेगळा परिच्छेद कर.