मदत हवी आहे: नवा छोटा कॅमेरा घेतला, पण फोटो मोबाईलपेक्षा काळपट येतात

नमस्कार मंडळी,

रावेर तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. फोटोग्राफी माझा प्रांत नाही, लग्नाच्या अल्बममध्ये मागे उभं राहण्यापुरताच संबंध. तरी गेल्या पंधरवड्यात कॅनन पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३ घेतला. मॉडेल २०१९चं आहे, पण माझ्या हाताला नवं. किंमत इथे लिहीत नाही. घरी सांगितलेला आकडा आणि बिलावरचा आकडा यांत थोडं अंतर आहे, आणि घरचे हे वाचतात.

घेतला कशासाठी, ते आधी सांगतो. आमच्याकडे शेतकरी केळीचं पान गुंडाळून दुकानात आणतात, नाहीतर मोबाईलवर फोटो दाखवतात, "भाऊ, हे काय पडलं?" पानावर कुठे पिवळेपणा, कुठे बारीक पिवळ्या रेघा असतात. करप्याची सुरुवात असेल, पोटॅश कमी पडलं असेल, सीएमव्ही हा विषाणूचा रोग असेल. तिन्हींचा उपाय वेगळा, आणि चुकीचं औषध दिलं तर शेतकऱ्याचा पैसा आणि माझा शब्द दोन्ही जातात. खात्री नसली की मी ओळखीतल्या एका केळीतज्ज्ञांना फोटो पाठवतो. त्यांचं ठरलेलं उत्तर, "फोटो रंगवलेला वाटतो, नीट दिसत नाही." माझा मोबाईल हिरव्याचं जास्त हिरवं करतो आणि ठिपक्याच्या कडा कोरून काढतो. म्हणून वाटलं, खरा कॅमेरा घ्यावा.

हातात घेतल्यावर पहिलं काय वाटलं? लहान आहे, पण भरीव. बॅटरी-कार्डासह ३०४ ग्रॅम, म्हणजे सालासकट दोन चांगली केळी. शर्टाच्या खिशात ठेवला तर खिसा लोंबतो, पँटच्या खिशात बसतो. चालू केला की लेन्स सर्रकन बाहेर येते, ते पाहायला दुकानात तीन गिऱ्हाइकं थांबली. मागचा पडदा उचलला की पार वर उलटा उभा राहतो, त्यात आपणच दिसतो. त्या सोयीवर मुलीने पहिल्याच दिवशी ताबा मिळवला. डोळा लावून बघायची खिडकी नाही, सगळं पडद्यावरच.

आता अडचणी. कॅमेऱ्यात खोट असेल असं वाटत नाही, माझ्याच हातात आहे. पण नेमकी कुठे, ते कळत नाही.

पहिली. पहिल्या दिवशी ऑटोवर सुरेख फोटो आले. मग भाच्याने सांगितलं, "मामा, ऑटो लहान पोरांचं, पी वर ठेव." तेव्हापासून फोटो काळपट. त्याच बागेत, त्याच पानाचा मोबाईलवरचा फोटो उजळ आणि याचा संध्याकाळ झाल्यासारखा. एका फोटोखालचे आकडे देतो: १/३२०, एफ ४, आयएसओ १२५, आणि शेजारी −१ १/३.

दुसरी. ठिपक्याचा जवळून फोटो हवा म्हणून पूर्ण झूम करून पानापाशी नेला, तर चौकोन नारिंगी होतो आणि सगळं धुकं. थोडं मागे झालो की जमतं, पण मग ठिपका पुन्हा बारीकच.

तिसरी. आमची कानबाई, म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची श्रावणात बसणारी देवी, अमळनेरकडच्या गावी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी जमली, रोट झाले, रात्री जागरण. आल्या आल्या दोन फोटो काढले, तर काकू म्हणाली, "काय चट चट करी राह्यना रे भो, बाईनं गानं आयकू दे." म्हणून सेटिंगमध्ये जाऊन आवाज बंद होणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं. बायका फुगड्या खेळत होत्या, हलू नये म्हणून टीव्ही मोडवर (शटरचा वेग आपण ठरवायचा तो मोड) शटर १/५०० ठेवलं. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत भिंतीवर आडवे काळे पट्टे. गंमत म्हणजे कानबाईपुढच्या समईच्या आसपास पट्टा नाही, ज्योत जशीच्या तशी. वर्षातून एकदा येणारी गोष्ट, ते फोटो गेलेच.

शिवाय मोबाईलच्या जुन्या चार्जरला लावला तर चार्ज होत नाही. आणि दुकानदार म्हणतो, खोका उघडला की माल परत नाही. म्हणजे ठेवायचा की विकायचा हा प्रश्न नाहीच, शिकायचा आहे.

जाणकारांनी सांगावं.

---

प्रतिसाद, जळगावहून

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. −१ १/३.

वर उजव्या हाताला, जिथून तुम्ही ऑटोचं पी केलं, त्या चकतीच्या खाली दुसरी चकती आहे. तिच्यावर −३ ते +३ आकडे आहेत. ती एक्स्पोजर कमी-जास्त करायची. कॅमेरा स्वतः उजेड मोजतो आणि ही चकती त्याला सांगते, "तुझ्या हिशेबापेक्षा इतकं काळं कर." तुमची खिशात जाता-येता फिरली असणार. ऑटोमध्ये तिचं काही चालत नाही, म्हणून पहिल्या दिवशी फोटो चांगले आले. पी वर गेलात तशी ती कामाला लागली. भाच्याचा सल्ला बरोबरच होता, अर्धा सांगायचा राहिला.

शून्यावर आणा. आणि ती चकती वाईट नाही बरं का, पुढे तुम्हालाच लागेल. कॅमेऱ्याला समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालायची सवय. पांढऱ्या कापसाचा ढीग किंवा धोतर-टोपीतले आजोबा फोटोभर असले तर तो पांढरं मळकट करतो, तिथे + २/३ किंवा १ द्या. बागेच्या काळोखात उलटं होतं: तो सगळं उजळायला जातो आणि पानांच्या फटीतून आलेलं ऊन पांढरंफट्ट होतं. तिथे −१/३ किंवा −२/३ हवंच.

---

प्रतिसाद

मोबाईलच बरा होता की मग. एवढे पैसे घालून वर अभ्यास.

---

प्रतिसाद, धुळ्याहून

वरच्यांना: मोबाईल एका दाबात अनेक फोटो काढतो, जुळवतो, रंगवतो आणि मग दाखवतो. पाहुण्यांना दाखवायला उत्तम. पण रोग ओळखायचा तर रंगवलेलं पान काय कामाचं? त्यांच्या तज्ज्ञांची तक्रार तीच आहे.

या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा तुकडा, "एक इंची" म्हणतात. प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर आहे, इंचाच्या जवळपासही नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून ते नाव पडलं आणि चिकटून राहिलं. तरी बहुतेक मोबाईलच्या सेन्सरपेक्षा मोठाच.

कानबाईच्या पट्ट्यांबद्दल. ते तिथल्या एलईडीच्या माळा आणि ट्यूब यांच्यामुळे असणार. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशा माळा आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर फोटो एकदम घेत नाही, वरून खाली ओळ-ओळ वाचत जातो. १/५०० वर काही ओळी दिवा भरात असताना वाचल्या, काही मंद असताना. ते तुमचे पट्टे. समई तेलावर जळते, ती सेकंदाला शंभरदा विझत-पेटत नाही, म्हणून तिच्या उजेडाजवळचा भाग शाबूत राहिला. तुम्ही ते टिपलंत हे भारी, निदान त्यावरूनच होतं.

पुढच्या वेळी मेकॅनिकल शटर लावा आणि वेग १/१०० किंवा १/५०. काही स्वस्त माळांची लुकलुक वेगळ्याच वेगाची असते, म्हणून आधी एक फोटो काढून भिंत बघा. फुगडी थोडी हलेल. हलू द्या, फुगडी आहे ती. आणि काकूंचं म्हणाल तर कॅमेऱ्याची बीप बंद करा. खट आवाज बीपचाच जास्त असतो, मेकॅनिकल शटरचा या कॅमेऱ्यात जेमतेम ऐकू येतो.

चार्जरचं: याला पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेला टाईप सी चार्जर लागतो, साधा चालत नाही. खोक्यात बॅटरीचं वेगळं चार्जर आहे, तेच वापरा. एक जादा बॅटरी घ्या. कंपनीच एका चार्जात सुमारे २३५ फोटो सांगते, आणि कानबाईला एवढे तर जेवणाच्या पंगतीतच होतात.

---

प्रतिसाद, यावलहून

मी केळीवाला, फोटो हौस म्हणून. झूमचं मी सांगतो, कारण हीच चूक मी वर्षभर केली.

झूम म्हणजे जवळ जाणं नव्हे. या लेन्सला पूर्ण झूमवर बरंच अंतर हवं असतं, त्याच्या आत गेलात की ती हात टेकते. उलटं करा. झूम पूर्ण मागे आणा, २४ मिलिमीटरवर, मागच्या गोल चकतीवर फुलाचं चित्र आहे ते दाबा आणि पानापासून ५ सेंटिमीटरपर्यंत न्या. चार बोटं आडवी धरली तर त्याहून थोडं जास्त होतं, तेवढ्यावर थांबलात तरी चालेल.

दोन गोष्टी आड येतील. एक, कॅमेऱ्याचीच सावली पानावर पडते. उजेड बाजूने येईल असं पान फिरवा, पान तोडू नका. दुसरी, इतक्या जवळ लेन्सचं भोक पूर्ण उघडं, म्हणजे एफ १.८ वर, ठिपक्याचा मध्य स्वच्छ आणि कडा धूसर. एव्ही मोडवर (भोक आपण ठरवायचं तो मोड) एफ ५.६ ठेवा. एफ ११ पर्यंत जाऊ नका, एवढ्याशा सेन्सरवर तिथे फोटो उलट मऊ पडतो.

रंगाचं मात्र कुणी बोललं नाही, आणि तुमच्या कामाला तेच सगळ्यात महत्त्वाचं. बागेत वरून येणारा उजेड पानांतून गाळून येतो, हिरवा असतो. कॅमेरा गोंधळतो, पिवळं कधी हिरवट, कधी नारिंगी. खिशात पांढरा कागद ठेवा, त्याच सावलीत धरून त्यावरून व्हाइट बॅलन्स बसवा, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला कळतं. आणि फोटो दोन काढा: एक ठिपक्याचा, एक अख्ख्या झाडाचा. रेघा खालच्या जुन्या पानांवर आहेत की पोग्याजवळच्या कोवळ्या पानावर, हे जवळच्या फोटोत कधीच कळत नाही, आणि तज्ज्ञ पहिलं तेच विचारतात.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर एवढं सगळं करून ते पुन्हा दाबून बारीक करतं.

---

प्रतिसाद, भुसावळहून

एक काळजीचं. आत्ता श्रावण आहे, चालून जाईल. वैशाखात गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवू नका. पुस्तिकेत ० ते ४० अंश लिहिलंय, आणि आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतं. जेवणाचा डबा ठेवतो त्या पिशवीत ठेवा, पाण्याच्या बाटलीपासून लांब.

धुळीचं त्याहून जपा. आत-बाहेर होणारी लेन्स म्हणजे पंपच. उघड्या पँटच्या खिशात ठेवलात तर खिशातला बारीक धागा-धूळ आत ओढते, आणि सेन्सरवर बसलेला कण घरी काढता येत नाही. चष्म्याची कापडी पिशवी पुरते.

उन्हात पडदा दिसत नसेल तर डोक्यावर रुमाल घ्या, कॅमेऱ्यासकट. जुने स्टुडिओवाले काळ्या कापडात शिरायचे तसे. लोक हसतात, हसू द्या.

---

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. चकती खरंच −१ १/३ वर होती. आठ दिवस मी तिच्यावर अंगठा ठेवून फिरत होतो. भाच्याला फोन केला, तो म्हणतो, "ते तर माहीतच असतं ना मामा."

काल सकाळी ओळखीच्या एका बागेत गेलो. गाडीतल्या एसीतून उतरलो तशी लेन्सवर वाफ धरली, दहा मिनिटं नुसता बांधावर उभा. मग कागद धरला, पांढरा ठरवला, एफ ५.६, झूम मागे, फूल दाबलं. पहिले चार-पाच हलले. मग गुडघा मातीत टेकवला, कोपर त्यावर रोवलं, श्वास धरला. पडद्यावर मोठं करून पाहिलं तर पानाच्या शिरांना समांतर पिवळ्या रेघा, आणि एका जुन्या रेघेच्या मधोमध राखेच्या रंगाचा कोरडा ठिपका, भोवती तपकिरी काठ. एवढं मी आजवर भिंगाखालीही नीट पाहिलं नव्हतं. मालक मागून वाकून बघत होता. म्हणाला, "हे माझ्या पानावर आहे?"

अख्ख्या झाडाचाही काढला, दोन्ही डॉक्युमेंट करून पाठवले. तासाभरात उत्तर आलं: करपा, खालच्या पानांवर सुरुवात आहे, रोगट भाग कापून बागेबाहेर नेऊन नष्ट करा, फवारणीचं पाहून सांगतो. या वेळी रंगवल्याचं काही म्हणाले नाहीत.

एक नवी अडचण मात्र. मालक पान धरून होता, वाऱ्याने फाटलं, आणि केळीचा चीक कॅमेऱ्याच्या मुठीच्या रबरावर उडाला. लगेच पुसला, पण आज सकाळी तिथे काळसर डाग. शर्टावरचा केळीचा डाग जन्मात जात नाही हे आम्ही जाणतो. हातावर रॉकेल लावतो, ते इथे लावायची हिंमत नाही. पडद्यावरही एक थेंब आहे, तो ओल्या फडक्याने निघाला. रबरावरचा कशाने काढायचा?

---

प्रतिसाद, यावलहून

रॉकेल, थिनर काहीच नको, रबर फुगेल. ओलसर कापडाला साबणाचं बोट लावून हळूहळू, बॅटरी काढून. पूर्ण जाईलच असं नाही, माझ्या कॅमेऱ्यावरचा डाग तीन वर्षांपासून आहे. पुढच्या वेळी पान तुमच्या हाताने धरू नका आणि मालकालाही धरू देऊ नका, कपड्यांचा चिमटा न्या.