चिप म्हणजे जीपीएस नव्हे

‘चिप बसवली की कुत्रा कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं’ असं हरवलेल्या कुत्र्यांबद्दलच्या या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय, ते बरोबर नाही. कातडीखालच्या त्या तांदळाएवढ्या चिपमध्ये बॅटरीच नसते. स्कॅनर अगदी जवळ धरला की ती १५ आकडी क्रमांक सांगते, बस्स. चिपच्या नोंदणीत त्या क्रमांकापुढे तुमचा फोन नंबर नसेल, किंवा नंबर बदलल्यावर कळवलाच नसेल, तर चिप असून नसल्यासारखी. (हे अनेकांचं राहूनच जातं.) ठिकाण कळायला हवं असेल तर पट्ट्याला लावायचा जीपीएस ट्रॅकर वेगळा घ्यावा लागतो, आणि तो चार्ज करत राहावं लागतं.

हरवलेला कुत्रा दिसला तर त्याच्या मागे धावू नका, हा चर्चेतला मुद्दा मात्र पूर्ण पटला. बिथरलेला कुत्रा कधीकधी मालकालाही ओळख देत नाही. दिसला तर तिरकं होऊन खाली बसायचं, नजरेला नजर द्यायची नाही, खाऊ थोडा पुढे टाकायचा आणि त्यालाच येऊ द्यायचं. चार उत्साही मदतनीस घेरायला लागले की तो वाहनांमध्ये घुसण्याचीच भीती जास्त. आणि मागे सरकत पट्ट्यातून डोकं सोडवून घेणारा असेल, तर त्याला छातीभोवती नीट बसणारा हार्नेसच घाला.